जुन्या लोखंडाच्या आणि सोन्याच्या खाणी पाहायच्या आहेत: कुठे जावे, काय ओळखावे?

करवीरवासी

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. खडक आणि खनिजे गोळा करण्याची आवड जुनी आहे. पण आजवरचा सगळा संग्रह आपल्या काळ्या पाषाणातला, म्हणजे झिओलाइट, अकीक, गारगोटी आणि थोडे कॅल्साइट, एवढाच आहे. ज्या जागी माणसांनी लोखंडासाठी किंवा सोन्यासाठी जमीन उकरली त्या जुन्या जागा पाहाव्यात आणि तिथली खनिजे स्वतः ओळखता यावीत, अशी फार इच्छा आहे. मुलगी अकरावीत असून तिला पुढे भूशास्त्र शिकायचे आहे, त्यामुळे तीही बरोबर येईल.

महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत पाहण्याजोगे काय आहे, हा मुख्य प्रश्न. बंद खाणीत उतरण्याची परवानगी मिळते का, हेही जाणून घ्यायचे आहे. शिवाय सावंतवाडीच्या पलीकडे, बांद्याच्या बाजूला रस्त्यासाठी कापलेल्या दरडीखाली मला गारगोटीचा एक तुकडा मिळाला असून त्यात पिवळे, चकाकणारे कण आहेत. ज्याने ज्याने पाहिला त्याने ते सोनेच असल्याचे सांगितले. दगड न फोडता घरच्या घरी याची खात्री कशी करून घ्यावी?

भूस्तर

करवीरवासी, माझी सारी नोकरी कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणींत भूवैज्ञानिक म्हणून झाली, त्यामुळे सोन्याच्या बाजूने सविस्तर लिहितो. लोखंडाविषयी इतर जाणकार लिहितीलच.

आधी तुमच्या दगडाचे पाहू, कारण त्याचा निकाल लगेच लागतो. दगड उन्हात धरून सावकाश फिरवा. कण एका ठरावीक कोनात लखलखून उठत असेल आणि दगड जरासा वळवताच काळवंडत असेल, तर ते ऊन सपाट पैलूंवरून परतते आहे असे समजावे. आणि असे पैलू बहुतेक वेळा पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या संयुगाचे असतात. गारगोटीतल्या सोन्याला सहसा असे पैलू नसतात. ते भेगांतून वेडेवाकडे पसरलेले असते आणि सावलीत नेले तरी त्याचा पिवळेपणा कमी होत नाही. यानंतर भिंगातून पाहत सुईचे टोक कणावर टेकवून हलकेच दाबा. सोने मऊ असल्यामुळे सुई रुतते आणि खळगा पडतो. पायराइटवर सुई घसरते आणि जोर केल्यास त्याचा बारीक चुरा उडतो. चाल्कोपायराइट, म्हणजे ज्यात तांबेही असते ते खनिज, पायराइटपेक्षा मऊ असल्याने त्यावर ओरखडा उठतो, पण खळगा न पडता भुकटी निघते. अभ्रक असेल तर सरळ पापुद्राच सुटून येईल. तरीही शंका राहिली तर भिंतीला लावतात त्या टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या खरखरीत बाजूवर एखादा कण घासा. पायराइटची रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची पिवळीच राहते.

बांद्याच्या आसपासचे जुने शिस्ट, म्हणजे दाब आणि उष्णतेने बदललेले पापुद्र्यांचे खडक, आपल्या काळ्या पाषाणाहून कितीतरी प्राचीन आहेत आणि तशा खडकांतल्या गारगोटीच्या शिरांत पायराइट अगदी नेहमी आढळतो. त्यामुळे माझा कौल पायराइटच्या बाजूने आहे. संग्रहासाठी तोही मोलाचाच आहे.

सोन्याच्या खाणीत आयुष्य काढलेल्या माणसांनाही डोळ्यांना दिसेल असे सोने खडकात क्वचितच भेटते, ही गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. टनामागे चार ग्रॅम सोने असलेले खनिज खाण चालवण्यासारखे मानले जाते. ते चार ग्रॅम एकत्र केले तर जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढे भरतात, आणि प्रत्यक्षात ते एक टन खडकात न दिसणाऱ्या कणांच्या रूपाने विखुरलेले असतात. म्हणून जुन्या खाणीच्या जागी सोने शोधू नका. सोने ज्या खडकात आणि ज्या सोबत्यांबरोबर आले ते खडक आणि ते सोबती पाहा. गारगोटीची निळसर करडी, तेलकट झाक असलेली शीर, तिच्या दोन्ही बाजूंना पानांसारखा थरांनी सुटणारा हिरवट काळा, हॉर्नब्लेंड या गडद खनिजाचा शिस्ट, आणि त्यात पायराइट, पिरोटाइट व आर्सेनोपायराइट या गंधकयुक्त खनिजांचे ठिपके, असा हा मेळ असतो. आर्सेनोपायराइटवर हातोडी मारली की लसणासारखा वास येतो. तो आर्सेनिकचा असतो, म्हणून मुद्दाम हुंगत बसू नये आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत. कोलार आणि हट्टी या दोन्ही पट्ट्यांत शीलाइट हे टंगस्टनचे खनिजही सापडते. दिवसा ते गारगोटीहून वेगळे ओळखणे कठीण असते, परंतु कमी तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली तेच निळसर पांढरे उजळते. तुमच्या मुलीला हे जरूर दाखवावे.

आता जागांविषयी. कोलारचे नाव सर्वांना ठाऊक असते. सर्वेक्षणासाठी आलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरनने १८०२ मध्ये तिथले गावकरी माती धुऊन सोने काढतात याची नोंद घेतली, आणि १८८० पासून जॉन टेलर आणि कंपनीने तिथे आधुनिक खाणकाम उभे केले. खाणींना वीज हवी म्हणून शिवसमुद्रम येथे जलविद्युत केंद्र बांधले गेले आणि १९०२ मध्ये तिथली वीज कोलारला पोचली. सुरुवातीच्या काळात टनामागे चाळीस ग्रॅमच्या वर सोने देणारे खनिज शेवटी तीन-चार ग्रॅमवर आले. चॅम्पियन रीफ खाण ३ किमीहून खोल गेली होती, तिथल्या खडकाचे तापमान ६० अंशांच्या पुढे होते आणि खोलीवरच्या दाबाने खडक अचानक फुटण्याचे प्रकार वारंवार घडत. त्या स्फोटांनी आमच्या क्षेत्रातली किती माणसे नेली, हे तिथल्या जुन्या वसाहतींतून फिरताना आठवावे. भारत गोल्ड माइन्सने २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबवले, पंप बंद पडले आणि खालचे बोगदे पाण्याने भरत गेले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचेही कोलारशी नाते आहे. जमिनीखाली इतक्या खोलीवर वैश्विक किरणांचा गोंगाट जवळजवळ पोचत नाही, म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांबरोबर खाणीत उपकरणे मांडली, आणि १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे खडकातूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, जगातल्या पहिल्यावहिल्या नोंदींपैकी एक नोंद तिथे झाली. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

बंगारपेटहून मारीकुप्पमपर्यंत रेल्वेचा फाटा जातो. त्या गाडीतून खाणींचे लोखंडी मनोरे आणि दळलेल्या खडकाचे फिकट डोंगर दिसतात. खनिज दळून, सायनाइडने सोने काढून उरलेली ती भुकटी तीन कोटी टनांहून अधिक आहे. तिच्यावर चढू नका, तिथे बसून काही खाऊ नका आणि वारा सुटला असेल तर जवळही थांबू नका.

तुम्हाला कोलारपेक्षा हट्टी जवळ पडेल आणि माझ्या मते पाहायलाही अधिक आहे. रायचूर जिल्ह्यातली ही खाण आजही चालू आहे, परंतु तिचा खरा मोठेपणा जुन्या कामांत आहे. आधुनिक खाणकामगार खाली उतरले तेव्हा त्यांना आपल्या आधी कोणीतरी दोनशे मीटरच्या आसपास खोल गेलेले आढळले, आणि तिथे मिळालेल्या लाकडाचे वय सुमारे दोन हजार वर्षांचे निघाले. पंप नाही, सुरुंग नाही. शिरेवर लाकडे पेटवायची, खडक तापला की पाणी ओतायचे आणि तडकलेला खडक छिन्नीने काढायचा, अशी ती पद्धत होती. वर आणलेले खनिज खडकावरच दळत, त्या दळणाचे गुळगुळीत खळगे त्या भागात आजही पाहायला मिळतात. जवळच मस्की आहे. सम्राट अशोकाचे नाव स्पष्टपणे देणारा तिथला शिलालेख १९१५ मध्ये बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीतल्या अभियंत्याला सापडला. खनिजाच्या शोधात फिरणाऱ्या माणसाच्या हाती इतिहास लागला, असे उदाहरण क्वचितच मिळेल.

तिसरी जागा गदगजवळचा कप्पतगुड्डा. तुम्हाला लोखंड आणि सोने दोन्ही हवे आहे, आणि या एकाच डोंगररांगेत ते शेजारी नांदतात: माथ्यावर लोहखनिजाचे पट्टे असलेले खडक आणि उतारांवर सोन्याच्या शिरांवरील जुने चर. त्या भागातल्या ओढ्यांची वाळू धुऊन सोने काढणारे जलगार एकोणिसाव्या शतकापर्यंत हे काम करत असत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कंपन्यांनीही इथे खाणीच्या उभ्या विहिरी खोदून पाहिल्या. २०१९ पासून हा भाग वन्यजीव अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी घेऊन जा आणि तिथून एक खडाही उचलू नका.

बंद खाणीत उतरण्याचे म्हणाल, तर माझे स्पष्ट उत्तर नाही असे आहे. लाकडी टेकू कुजतात. गंधकयुक्त खनिजे आणि कुजणारे लाकूड हवेतला प्राणवायू शोषून घेतात. खाली साचणाऱ्या वाईट हवेला कधीकधी वासही नसतो, त्यामुळे माणूस सावध होण्याआधीच कोसळतो. जुन्या विहिरींची तोंडे गवताने झाकलेली असतात, म्हणून वरच्या जमिनीवर चालतानासुद्धा काठीने ठोकत, मळलेल्या वाटेनेच चालावे. चालू खाण पाहायची असेल तर शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या पत्रावर कंपनीकडे रीतसर अर्ज करावा.

वैनगंगा

भूस्तर काकांनी सोन्याविषयी इतके भरभरून लिहिले आहे की मी फक्त लोखंडाकडे वळते. मी नागपूरकडची, पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे.

सर, लोखंड म्हटले की लोक थेट मोठ्या खाणी शोधतात, पण महाराष्ट्रात लोखंडाची सर्वांत जुनी गोष्ट विदर्भातल्या शिळावर्तुळांत आहे. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड या ठिकाणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफने असून त्यांत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांच्या तोंडातले लगामाचे लोखंड मिळाले आहे. पेंच नदीकाठच्या नायकुंडला डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्र राज्याचा पुरातत्त्व विभाग यांच्या वतीने शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केले, तेव्हा प्रत्यक्ष लोखंड गाळण्याची मातीची लहान भट्टी, तिच्यात भात्याची हवा नेणाऱ्या फुंकनळ्या आणि मळी, म्हणजे लोखंड गाळताना निघणारा टाकाऊ भाग, मिळाली. म्हणजे इथली माणसे लोखंड विकत आणून वापरत नव्हती; ती ते स्वतः बनवत होती. मला या शोधाचे महत्त्व फार वाटते, आणि शालेय पुस्तकांत त्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही.

या भट्ट्यांचे काम समजून घेतले तर जागेवर काय पाहायचे ते आपोआप कळते. शुद्ध लोखंड वितळायला १५०० अंशांहून अधिक उष्णता लागते आणि कोळसा व भाता यांच्या बळावर ती मिळत नसे. सुमारे १२०० अंशांना खनिजातली वाळू आणि काही लोह मिळून जी मळी होते ती मात्र वितळून वाहू लागते, आणि मागे लोखंडाचा सच्छिद्र गोळा राहतो. तो तापलेला असतानाच ठोकून ठोकून उरलेली मळी बाहेर काढावी लागे. म्हणून जुन्या भट्टीच्या जागी लोखंड मिळत नाही, मिळते ती मळी. काळी, हाताला अपेक्षेपेक्षा जड, एका अंगाला काकवीसारखी ओघळून थिजलेली आणि खालच्या अंगाला माती किंवा कोळशाचे ठसे घेतलेली, अशी ती असते.

आपल्या कोल्हापूर-साताऱ्याकडेही हा उद्योग होता. महाबळेश्वरच्या पठारावरच्या जांभ्यातून धावड लोक लोखंड गाळत असत, आणि कोल्हापूर संस्थानाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतही त्यांच्या भट्ट्या होत्या. एकोणिसाव्या शतकात जंगलावरचे निर्बंध वाढले, कोळसा मिळेनासा झाला आणि विलायती लोखंड स्वस्त झाले, त्यात हा धंदा मोडला. त्यामुळे खाण पाहायला दूर जाण्याआधी आपल्याच पठारांवर नजर ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यातले लोहारा आणि गडचिरोलीतले सुरजागड हे हेमॅटाइट या लोहखनिजाचे मोठे साठे आहेत, पण सुरजागडला सध्या खाणकाम चालू आहे, तो डोंगर स्थानिक माडिया समाजाच्या श्रद्धेचे स्थान आहे आणि परिसर संवेदनशील आहे, म्हणून हौशी सहलीसाठी तो मी सुचवणार नाही. नायकुंडसारख्या ठिकाणी मळीचा तुकडासुद्धा उचलू नये ही विनंती, कारण तो कुठे आणि कोणत्या थरात पडला होता यातच त्याची सारी माहिती असते.

डिचोलीकर

गुरुजी, कोल्हापूरहून गोवा आणि सिंधुदुर्गातले रेडी तुम्हाला सगळ्यांत सोपे. पट्टेदार लोहखनिज पाहायचे असेल तर आमच्याकडे यावे. राखाडी निळसर हेमॅटाइट आणि पांढरी किंवा तांबूस गारगोटी यांचे बोटभर जाडीचे, कुठे कागदाइतके बारीक थर एकावर एक चढलेले दिसतात. हा खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना आहे आणि समुद्राच्या तळाशी साचून झाला आहे. गारगोटी विरघळून गेली की उरते ती निळसर काळी, चकचकीत भुकटी, जिला इथे सगळे ब्लू डस्ट म्हणतात. ती निळी दिसली तरी टाइलवर घासल्यास रेघ लालच उठते, आणि हेमॅटाइट ओळखण्याची तीच खूण आहे. मॅग्नेटाइटची रेघ काळी आणि चुंबक त्याला घट्ट धरतो; गोथाइटची पिवळट तपकिरी.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज, म्हणजे खाणपट्टे, रद्द केल्यावर पुन्हा सगळे बंद पडले आणि अलीकडे लिलावानंतर काही पट्टे परत सुरू झाले आहेत. त्यामुळे जागा बंद दिसली म्हणून आत शिरू नये. खंदकांत हिरवे-निळे, शांत दिसणारे पाणी साचलेले असते, पण काठ उभा तुटलेला आणि मातीचा असतो. पाण्यात उतरलेल्या माणसाला वर यायला आधार मिळत नाही. पावसाळ्यात डंपच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाच्या, पायथ्याशी मुळीच थांबू नये. त्याच डंपांची लाल माती वाहून आमच्या कित्येक शेतांत बसली, आणि खणता खणता विहिरींचे पाणी खाली गेले. खनिज पाहायला येणाऱ्यांनी गावातल्या माणसांशी याविषयीही बोलावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

रेडीला खाणीच्या परिसरात १९७६ मध्ये सापडलेल्या द्विभुज गणपतीच्या दर्शनाला तुम्ही गेला असालच. त्या देवळाकडे जाताना दोन्ही अंगांना लाल-तपकिरी कापे दिसतात, तेच लोहखनिज. रस्त्यावरूनच पुष्कळ पाहता येते.

करवीरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुई टेकवली तशी ती घसरली आणि रेघ हिरवट काळी आली, म्हणजे पायराइट. आता त्याची चिठ्ठी तशी लिहिली आहे. गोवा-रेडी दिवाळीच्या सुट्टीत आणि हट्टी-मस्की त्यानंतर, असे ठरवतो आहे.

दोन गोष्टी अजून विचारतो. वैनगंगा, महाबळेश्वरकडे मळी शोधायची तर सह्याद्रीतला फुग्यांच्या भोकांचा काळा पाषाणही तसाच दिसत नाही का? आणि भूस्तर साहेब, जलगार लोक वाळू कशी धुवत हे मुलीला करून दाखवायचे आहे; अभयारण्यात तर ते करता येणार नाही.

वैनगंगा

सर, दोन्हींत गल्लत होते खरी. पाषाणातली भोके बहुधा गोलसर किंवा एका दिशेला ताणलेली असतात आणि त्यांत पुष्कळदा पांढरे झिओलाइट किंवा हिरवे खनिज भरलेले असते. मळीची भोके वेड्यावाकड्या आकारांची आणि आतून रिकामी, काचेसारखी चकचकीत असतात. ताज्या तुटलेल्या कडेवर मळी काचेसारखी किंवा धातूसारखी चमकते, आणि कुठेतरी कोळशाचा तुकडा अडकलेला मिळतो. मळी एकटी नसते. आसपास भाजून लाल झालेली माती आणि फुंकनळीचे तुकडे असतील तरच भट्टीची जागा समजावी. अशी जागा दिसली तर छायाचित्र आणि ठिकाण टिपून ठेवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा.

भूस्तर

वाळू धुण्यासाठी सोन्याच्या ओढ्यावर जाण्याची गरज नाही, आणि नदीतून वाळू उपसणे हा कायद्याचाही विषय आहे. बांधकामावर पडलेली नैसर्गिक वाळू ओंजळभर मागून घ्या. पसरट ताटलीत ती घेऊन बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि ताटली आडवी हलवत राहा, म्हणजे जड कण खाली बसतील. मग ताटली किंचित तिरकी करून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर काठावरून थोडी थोडी जाऊ द्या. पुन्हा हलवा, पुन्हा तिरकी करा. घाई केली तर सगळेच वाहून जाते. शेवटी तळाशी काळ्या रेतीची बारीक चंद्रकोर उरेल. आपल्याकडच्या वाळूत ती मुख्यतः पाषाणातून सुटलेल्या टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटची असते. गारगोटीची घनता २.६५, मॅग्नेटाइटची ५ च्या आसपास आणि सोन्याची १९.३, मॅग्नेटाइट जर इतका सहज मागे राहतो तर सोने किती ठामपणे राहत असेल, याचा अंदाज मुलीला आकड्यांवरून करू द्या. जलगारही आधी ही काळी रेतीच शोधत, कारण सोने असलेच तर तिच्याच टोकाला असते.

ती रेती वाळवून मग चुंबक फिरवा, आणि चुंबक आधी कागदात गुंडाळून घ्या. नाहीतर कण त्याला असे चिकटतात की पुसूनही निघत नाहीत.